तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचं नव्हतं

बाई,

एक मुलगी आहे आणि ती माझ्यापेक्षा चांगली खेळते. आत्ताच्या माझ्यापेक्षा नव्हे. आता माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, त्यामुळे माझ्यापेक्षा कोणीही चांगलं खेळेल. मी तिच्या वयाची होते आणि तुम्ही बांधावर उभ्या राहून मला बघायचात, त्या माझ्यापेक्षा ती चांगली खेळते. हे वाक्य लिहायच्या आधी मी दोनदा उठून चहा केला, गॅलरीतले कपडे काढले, नको असताना घड्या घातल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात तेव्हा जन्मलेल्या मुलीसुद्धा माझ्या हाताखालून शिकून लग्न होऊन गेल्या. तुमच्याच शाळेत, तुमच्याच जागेवर मी हॉकी शिकवते. मुली मला मॅडम म्हणतात. बाई म्हणा असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं, पण ते त्यांच्या तोंडी बसलं नाही.

आपलं मैदान तसंच आहे, अर्धं वर्ष पाण्याखाली. शाळेमागचं ते पडीक मिठागर आठवतं ना? मालकाने मीठ पिकवणं सोडून दिलेलं, पावसाळाभर गुडघाभर पाणी. दिवाळीची सुट्टी संपली की खाडीकडच्या उघाडीची फळी वर करून पाणी सोडायचं आणि मग खालचा काळा चिखल आम्ही मुलींनी तुडवायचा. माझी आई आणि तिच्या बरोबरीच्या बायका आगरावर मिठाचे वाफे तुडवायच्या, अगदी तसा: सगळ्याजणी एका ओळीत, एकमेकींच्या खांद्यावर हात, टाचेपुढे टाच टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. तुम्ही घाटावरच्या. पहिल्या वर्षी साडी खोचून मोठ्या रुबाबात आमच्या ओळीत उतरलात आणि बसलात की हो चिखलात! आम्ही हसायचं की नाही या विचारात असताना तुम्हीच आधी हसलात. जमीन वाळली की इतकी घट्ट आणि सपाट व्हायची की चेंडू सोडला तर थेट जाऊन समोरच्या बांधावर आपटायचा. चारही बाजूंना मातीचे बांध, त्यामुळे रेषा आखायची कधी गरज पडली नाही. समोरची मुलगी आडवी आली की चेंडू तिरका बांधावर मारायचा, तिला वळसा घालायचा आणि बांधावरून परत आलेला चेंडू पुढे जाऊन पुन्हा स्टिकवर घ्यायचा. बांध म्हणजे आमच्या संघातला जादा खेळाडू होता. ही युक्ती तुम्हीच आम्हाला शिकवलीत आणि तीत माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

हे तरी मी माझं म्हणून सांगते. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही थळच्या मुलीचं नाव घेतलं असतंत. ती कोळीवाड्यातली, माझ्याहून एका वर्षाने पुढे, सायकलवरून यायची आणि सायकल कधीही नीट उभी करायची नाही, आडवी टाकायची. शनिवारी खेळ झाल्यावर मी तुमच्या खोलीवर यायचे. तुम्हाला मासळी साफ करता येत नव्हती, वासही सोसत नव्हता, पण गावाने दिलेली परतही करवत नव्हती. म्हणून मी पाटावर बसून मांदेली साफ करायचे आणि तुम्ही नाकाला पदर लावून माझ्याशी खेळाबद्दल बोलायचात. तो आठवड्यातला माझा तास होता. मग एका शनिवारी ती आली, पिशवीतून सुरमई काढली, एका दमात कापून धुऊन मोकळी झाली आणि तुम्हाला म्हणाली, "बाई, पदर काढा नाकाचा, ती मेलेली हाय, चावत न्हाय." तुम्ही खो खो हसलात. माझ्या मांदेलीवर तुम्ही कधी हसला नव्हतात. पुढे ती निवडली गेली, मोठ्या संघातून खेळली, तिचा फोटो पेपरात आला, आणि तो कापून तुम्ही कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलात. आतून का, बाई? मला दिसू नये म्हणून? चहाची भांडी त्याच कपाटात होती आणि ती मीच काढायचे.

माझी निवड चाचणी मुंबईला झाली तो दिवस तुम्हाला आठवत असणारच. रेवसहून पहिल्या लाँचने निघालो, भाऊच्या धक्क्याला उतरलो, तुम्ही मला उकडलेली अंडी खायला लावलीत. मैदान हिरवं, बाजूला चुन्याची पांढरी रेषा. खेळ सुरू होतो. समोरून एक उंच मुलगी आडवी येते, मी चेंडू तिरका बाजूला मारते, तिला झकास वळसा घालते आणि पुढे पळत जाऊन चेंडू परत यायची वाट बघते. तो कसा येणार? रेषा ओलांडून तो थेट पाण्याच्या पिंपाकडे गेलेला असतो. एकदा झालं असतं तर खपून गेलं असतं. पण पुन्हा तेच, उत्तरार्धात पुन्हा तेच. डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. तिथल्या मुली एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या आणि तुम्ही मात्र रेषेबाहेर हाताची घडी घालून उभ्या होतात.

 दुसऱ्या दिवशी स्टोव्हवर भात ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता, म्हणालात, "तिथे बांध होता का गं?" मी रडायला लागले. तुम्ही मला रडू दिलंत, मग भाताखालचा स्टोव्ह बारीक करून म्हणालात, "तुझा एकच वांधा आहे. शिकवलेलं तू सोडत नाहीस. खेळायला ते वाईट. पण तू शिकवशील चांगलं." आणि आत जाऊन तुमची शिट्टी आणून माझ्या हातात ठेवलीत, पितळेची, गोफासकट. मला शिट्टी नको होती. मला तुमची स्टिक हवी होती, कॉलेजातली, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली. पण ती थळला गेली होती. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि त्या भाताच्या वासात तुम्ही माझं सगळं आयुष्य सांगून टाकलंत. ते तसंच घडलं, याचाही मला राग आहे.

तर ही मुलगी. आपल्या मैदानापलीकडचे वाफे भरून तिथे आता ट्रेलर उभे करायचं यार्ड झालंय. निम्मं गाव त्याच धंद्यात आहे. तिचा बाप ट्रेलर चालवतो, बंदरातून कंटेनर उचलून कुठे कुठे नेतो. शाळेची एक मोडकी स्टिक तिने कुठून तरी पैदा केली होती आणि उभ्या ट्रेलरच्या चाकांमधून चेंडू सोडून पलीकडे जाऊन तोच अडवायचा, असा तिचा एकटीचा खेळ चालायचा. मी बांधावरून बघत होते. तिची मान वर होती, बाई. चेंडू स्टिकला लागला होता आणि नजर चौथ्या चाकापलीकडे होती. मान वर राहावी म्हणून तुम्ही माझ्या हनुवटीखाली लाकडी पट्टी धरायचात, किती महिने धरलीत, तरी चेंडू आला की माझी मान खाली जायचीच. हिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "कोणी शिकवलं गं?" तर म्हणाली, "काय शिकवलं?"

तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. तुम्हाला मोघम बोललेलं चालायचं नाही, म्हणून नीट सांगते. चेंडू कितीही जोरात येऊ दे, तिच्या स्टिकवर आला की झोपतो. पास द्यायच्या आधी ती दुसरीकडे बघते आणि समोरची फसते. हे मी तिला शिकवलेलं नाही, मला येतच नाही. तिला मैदानातली रिकामी जागा दिसते. आमच्या बाकीच्या मुलींना माणसं दिसतात. आता उणं सांगते, आणि हे सांगताना मला जास्त सुचतं हे माझ्या लक्षात आलंय. चेंडू गेला की ती कमरेवर हात ठेवून उभी राहते, बचावाला मागे येत नाही. गोलपुढच्या डीमध्ये शिरली की दुसरीला पास देणं तिला माहीतच नाही. उलट्या स्टिकने मारलेला फटका कच्चा. पंचांशी वाद घालते. हे सगळं खरं आहे. माझ्या जागी कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं. पण रात्री अंथरुणावर मी हे दोष जपमाळ ओढल्यासारखे ओढते आणि मला त्याने झोप चांगली लागते. एखाद्या मुलीच्या उलट्या स्टिकवर कोणी इतकं प्रेम केलं नसेल.

मला तिचा हेवा वाटतो. तिच्या पायांचा नाही, वयाचा नाही, ते सगळ्यांना एकदाच मिळतं आणि मलाही मिळालं होतं. तिला काही मागावं लागत नाही याचा वाटतो. मी तुमच्या तोंडून एक 'छान' ऐकायला उन्हात बांधाला घासून घासून गुडघे सोलून घेतले. ती गोल करते आणि माझ्याकडे बघतही नाही, पाणी प्यायला जाते. एकदा खेळ झाल्यावर माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून ती पोहे खात होती. तुमच्याबद्दल मी तिला थोडंफार सांगितलं होतं. पोहे चावता चावता तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या बाईंनी मना बघितलं असतं तर काय बोलल्या असत्या?" मी म्हटलं, "चेंडू गेल्यावर उभी राहतेस म्हणून कान पिळला असता." ती म्हणाली, "तेवढंच?" मी तिच्या पुढ्यातली बशी उचलून धुवायला घेतली. अजून दोन घास त्यात होते.

एका क्रीडा संस्थेच्या निवडीचा दिवस जवळ आला तशी तिची आई घरी आली. पदराखाली शेवग्याच्या शेंगा घेऊन आली होती, त्या तिने दारातच ठेवल्या. मुलींना राहायला ठेवून शिकवणारी ती संस्था मुंबईच्याही पुढे आहे आणि तिथे घेतलं तर पोर घर सोडून जाणार. "तिचा बापूस बोलतो, धाडू नको," ती म्हणाली. "बोलतो, पोरीची जात, एवढ्या लांब. मी त्याला सांगितलाय, मॅडम काय बोलतात ते होईल. मना त्या खेळातलं काय बी कळत न्हाय. पन पोर जेवताना सुदा पाय हलवतंय. तुमी सांगा, काय व्हईल तिचं? नुसतं खूळ हाय का काय हाय?" मी म्हटलं, बघू, चाचणी तर होऊ दे. ती जाताना दोनदा मागे वळून म्हणाली, "तुमी हाव म्हनून, न्हायतर आमी कुठं." आणि यंदाचं वर्ष हुकलं तर पोर वयात बसणार नव्हती, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

चाचणी जिल्ह्याच्या मैदानावर होती. मुलींचे दोन संघ पाडून सामना. सुरुवातीलाच हिच्यासमोर एक दणकट मुलगी आडवी आली आणि हिने काय करावं? चेंडू तिरका बाजूला मारला, वळसा घातला, पुढे पळाली. चेंडू रेषेबाहेर. मी तिला आपल्या मैदानावर तेच शिकवलं होतं, बाई, तुम्ही मला शिकवलं तसंच. मी जागच्या जागी गार झाले. आणि खरं सांगायचं तर त्या गारव्यात एक सुख होतं. आता ही पुन्हा करणार, मग पुन्हा करणार, आता हिलाही कळेल. ती रेषेपाशी थांबली, गेलेल्या चेंडूकडे बघितलं, मग रेषेकडे बघितलं, आणि हसली. स्वतःलाच हसली. पुढच्या वेळी तीच दणकट मुलगी आडवी आली तेव्हा हिने बाजूला मारायचा नुसता आव आणला, ती मुलगी रेषेकडे झेपावली आणि ही मधून आरपार गेली. पुढे सामनाभर चेंडू एकदाही तसा बाहेर गेला नाही. मी बाकावर बसून माझ्या हाताची बोटं बघत होते.

दुपारी संस्थेचे सर बदामाच्या झाडाखाली चहा घेत होते, मला त्यांनी बोलावलं. सरळ माणूस, घाईत असलेला. म्हणाले, "मॅडम, खेळते छान. पण छान खेळणाऱ्या पुष्कळ येतात आणि वर्षाभरात थांबतात. तुम्ही तिला इतकी वर्षं बघताय. पुढे वाढेल का, एवढंच सांगा. तुमच्या शब्दावर ठरवतो." मी सांगायला लागले. बचावाला येत नाही. पास देत नाही. उलटी स्टिक. पंचांशी भांडण. माझा आवाज अगदी समंजस होता, मला स्वतःलाच तो पटत होता. शेवटी म्हटलं, "अजून कच्ची आहे, सर. एक वर्ष राहू दे माझ्याकडे." ते म्हणाले, "पुढच्या वर्षी वयात बसणार नाही ती." मी म्हटलं, "हो, तेही आहे." त्यांनी कागदी कप चुरगळला आणि उठले. बाई, त्या क्षणी मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. ही पोर गावातच राहील, यार्डात खेळेल, पुढे माझ्यासारखी कुठल्या तरी शाळेत लागेल, मी तिच्यासाठी शब्द टाकीन.

ते चार पावलं गेल्यावर मी म्हटलं, "ती चूक एकदाच करते." लाउडस्पीकरवर कोणाचं तरी नाव पुकारत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. वळून म्हणाले, "काय म्हणालात?" पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निसटलं होतं. दुसऱ्यांदा मला ते ओरडून, ठरवून म्हणावं लागलं, आणि ते फार जड गेलं. "सुरुवातीला चेंडू बाहेर घालवला तो बघितलात ना? ती आमच्या मैदानाची सवय आहे, तिथे बांध आहेत. तिला ती मी लावली. माझी अख्ख्या सामन्यात सुटली नव्हती, तिची दुसऱ्या चेंडूला सुटली. तिला शिकवलेलं सोडता येतं, सर. वाढेल ती. घ्या तिला." ते म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "उणं आधी सांगावं म्हटलं." ती तुमचीच पद्धत, निदान त्यांना ती शिकवायची पद्धतच वाटली असेल.

जून महिन्यात ती गेली. रेवसला सोडायला मी गेले होते, आईबापही होते. बाप लाँच सुटेपर्यंत धक्क्यावरच्या माणसाशी डिझेलच्या भावावर बोलत होता, तिच्याकडे बघत नव्हता. ती वाकून माझ्या पाया पडली, पोटाशी स्टिक धरून आत गेली आणि खिडकीतून खाडीकडे बघत बसली, आमच्याकडे नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. मी वाट बघते, आणि कशाची बघते तेही सांगते: ती रडेल, मला इथे जमत नाही म्हणेल, परत येते म्हणेल. गेल्या रविवारी म्हणाली, "मॅडम, टर्फ एक नंबर हाय, बॉल नुसता पळतो. आणि मी मागे यायला लागलेय, बचावाला. सर बोलले, फास्ट शिकते." मी म्हटलं, छान. फोन ठेवल्यावर तिच्या दोषांपैकी एक कमी झाला आणि मला रुखरुख लागली. दिवाळीत ती घरी येईल तेव्हा माझ्या टेबलावरचं सगळं उचकून वाचेल, तशी खोडच आहे तिला, म्हणून हे पत्र मी त्याआधी फाडून टाकणार आहे. तुमच्यापर्यंत ते कसंही पोचणार नव्हतंच.

लोक म्हणतात, मी मनाचा मोठेपणा दाखवला. तिची आई तर रस्त्यात हात जोडते. तुम्हाला म्हणून सांगते, तसं काही नाही. त्या बदामाखाली माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे तुम्ही बसला असतात, आणि तुमची नजर त्या पोरीवरून हलत नाही हे मला दिसलं असतं, तर मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं नसतं.